मदत हवी आहे: निहिलिस्टच्या डेमो कॅसेटचा वेग

स्टॉकहोमच्या निहिलिस्ट या डेथ मेटल बँडचा (पुढे यातूनच एन्टूम्ब्ड झालं) 'ओन्ली श्रेड्स रिमेन' हा डेमो, सनलाइट स्टुडिओतला, तीन गाण्यांचा. त्याची डब केलेली (दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेली) कॅसेट माझ्याकडे आहे, किमान दुसऱ्या पिढीची. ती डिजिटल करतोय, पण २००५च्या संकलन सीडीपेक्षा सुमारे ४ टक्के वेगाने वाजते. म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढी.

डेक ठीक आहे, विकतच्या दोन कॅसेट त्यावर अचूक वाजतात. हेड साफ केलं, अ‍ॅझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) जुळवला, टेप ओढणारा पिंच रोलरही नवा. कानाने स्वर लावणं अवघड, कारण एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलची सगळी बटणं पूर्ण फिरवलेली ती गिटार म्हणजे नुसती करवत!

स्पेक्ट्रममध्ये मात्र विजेच्या पुरवठ्यातून आवाजात शिरणाऱ्या दोन गुणगुणी दिसतात: एक बरोबर ५० हर्ट्‌झवर, ती माझ्या डेकची. दुसरी ५२च्या आसपास, आणि ती गाण्यांच्या मधल्या शांततेतही आहे. स्वीडनची वीजही ५० हर्ट्‌झचीच.

सीडीला प्रमाण मानायचं नाही, मास्टरिंगमध्ये तिचाच वेग बदलला असेल तर? ५२ची गुणगुण ५०वर आणली, तर मूळ टेपचा वेग मिळेल, की फक्त डब करणाऱ्या डेकची चूक सुधारेल? हे दोन वेगळे कसे ओळखायचे?