मोतीबिंदू म्हणजे हापूस नव्हे

कुणीतरी लिहिलंय, मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय ऑपरेशन करू नका. अहो, तो काय अढीत घातलेला आंबा आहे? आमच्या आईने (देवगड) हेच ऐकून दोन वर्षं काढली. तांदूळ निवडले तरी खडे दाताखाली यायला लागले, रात्री समोरून एसटी आली की दिव्यांभोवती नुसतं पांढरं पसरायचं, तेव्हा कुठे तयार झाली.

पूर्वी मोठा छेद घेऊन डोळ्यातलं धुरकट झालेलं भिंग काढायचे, टाके पडायचे, म्हणून थांबत. आता फेको नावाच्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून ओढून घेतात आणि त्याच्याच पातळ पिशवीत घडी केलेली कृत्रिम लेन्स सोडतात, ती आत उलगडते. फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू फोडणं उलट जास्त जिकिरीचं.

'ऑपरेशननंतर परत आला' म्हणणाऱ्यांसाठी: तो परत येत नाही. कधीकधी त्या पिशवीची मागची बाजू धुरकट होते. याग लेझरने काही मिनिटांत काम होतं, आईचं दीड वर्षाने केलं.

लेन्स साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, घेतली. लांबचं स्वच्छ दिसतं, पेपरला चष्मा लागतो. मल्टिफोकलने, म्हणजे जवळ-लांब दोन्हीच्या लेन्सने, रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. पहाटे काळोखात होडी काढणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आधी सांगावं.

पट्टी काढून घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य, "गो, घरात इतकी जळमटां कधी इली?" बायको अजून रागात आहे.