वारा सुटला की बादलीवाल्याची चांदी: इंग्रजी वाचकाला हे कसं समजवायचं?

रमा_एन२: इंग्रजी वाचकांसाठी जपानी म्हणींची पुस्तिका करतेय. 'काझे गा फुकेबा ओकेया गा मोउकारु' (वारा सुटला की बादलीवाल्याची चांदी) इथे गाडी अडली आहे. नुसतं शब्दशः दिलं तर डोक्यावरून जातं. संपादक म्हणतात, 'बटरफ्लाय इफेक्ट' लिहा आणि मोकळ्या व्हा. मला काही ते पटत नाहीये.

कोबेकर: अजिबात लिहू नका! ते फुलपाखरू हवामानशास्त्रातलं. त्याच्या फडफडीपासून वादळापर्यंतच्या पायऱ्या कुणाला मोजता येत नाहीत, मुद्दाच तो आहे. इथे तर एकूण एक पायरी सांगितली आहे आणि सगळा जीव तिच्यातच आहे. वारा सुटतो, धूळ डोळ्यांत जाते, माणसं आंधळी होतात. एदो काळात (१६०३ ते १८६८) कितीतरी अंध माणसं शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवून पोट भरायची, म्हणून शामिसेनला मागणी येते. ते मढवायला मांजराचं कातडं लागतं, मांजरं कमी होतात. मग उंदीर मोकाट सुटतात, लाकडी बादल्या कुरतडतात, आणि बादल्या करणाऱ्याचा धंदा तेजीत. ही साखळी दिल्याशिवाय म्हण छापूच नका.

शिवाय वापर सांगा. हल्ली ही म्हण बरेचदा ओढूनताणून जुळवलेल्या तर्काला उद्देशून म्हणतात. फुलपाखरात ही टोचणी कुठून आणणार?

रमा_एन२: पटलं. मग 'हाना योरी दांगो'चं (फुलांपेक्षा दांगो, म्हणजे पिठाचे गोळे, बरे) काय? मला लगेच 'आधी पोटोबा, मग विठोबा' आठवतं.

कोबेकर: आपल्या लोकांसाठी झकास. इंग्रजी वाचकाला मात्र हानामीच, म्हणजे फुलं बघायची सहलच, दाखवा: साकुराखाली (चेरीच्या फुललेल्या झाडाखाली) सतरंजी अंथरलेली, मंडळी आली फुलं बघायला, आणि नजर काडीला टोचलेल्या तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांवर.

शब्दवेडा: 'नासाके वा हितो नो तामे नाराझु' घेणार असाल तर जपून. मूळ अर्थ: दया फक्त दुसऱ्याच्या भल्यासाठी नसते, तिचं फळ फिरून आपल्याकडे येतं. पण खुद्द जपानमध्ये कितीतरी जण 'दया दाखवली की समोरच्याचं नुकसान होतं' असा अर्थ लावतात. तिथल्या सांस्कृतिक व्यवहार विभागाच्या २०१० सालच्या पाहणीत मूळ अर्थ सांगणारे ४५.८ टक्के होते, दुसरा सांगणारे ४५.७!

रमा_एन२: बाप रे, जवळजवळ निम्मे निम्मे! मग दोन्ही अर्थ देते, मूळ कोणता तेही लिहिते. बादलीवाल्याची साखळी आज रात्रीच संपादकांना पाठवते.