प्रति: साठीनंतर नवा छंद लावून घ्यावा का?

साठीनंतर काही शिकायला गेलं की लोक हसतात का, असं वर विचारलंय. हसतात की! आमची सून अजून हसते.

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीचा. वीस वर्षं ठाणे खाडी फक्त पुलावरून, बसच्या खिडकीतून पाहिली. २०१५ साली तिथे फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं, अभयारण्य झालं, तेही पेपरात वाचून सोडून दिलं. निवृत्तीनंतर पक्षी बघायला दुर्बीण घेतली आणि पहिल्याच दिवशी उलटी धरली. शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या पोरीने ती सरळ करून दिली. "आजोबा, चोच बघा. सगळी गडद असेल तर छोटा रोहित. गुलाबी आणि टोकाला काळी असेल तर मोठा." राखाडी दिसतात ते आजारी नाहीत, लहान आहेत; गुलाबी रंग शेवाळं, कोळंबी खाऊन हळूहळू चढतो, हेही तिनेच सांगितलं.

माझी जमेची बाजू एकच. जन्म हिशेबतपासणीत गेला, त्यामुळे थवे मोजायचा कंटाळा येत नाही. दहा पक्ष्यांचा गठ्ठा नजरेत धरायचा आणि तेवढाच पुढे सरकवत न्यायचा. (गुडघे कुरकुरतात, ते वेगळं.)

येणार असाल तर भरतीची वेळ बघून या. पाणी चढलं की पक्षी काठाकडे सरकतात.