एकट्याने हिमालयात गेलेल्याला किती दिवस शोधायचं?

शहापूरकर
बेळगावात आमच्या गल्लीतला २६ वर्षांचा एक पोरगा ऑक्टोबरात एकटाच सॅक पाठीला लावून हिमाचलला गेला. अवेळी बर्फ पडला. शेवटचा फोन रस्त्यावरच्या एका धाब्यावरून, पुढे काहीच नाही. बारा दिवस शोधलं आणि थांबवलं. आता बर्फ वितळल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये, असं तिकडून कळलं. इथे गल्लीत खासगी हेलिकॉप्टरसाठी वर्गणी चाललीय. मी दिली नाही.
शिव्या घाला, पण लिहितो. एकाच्या हौसेपायी वीस जणांनी ताज्या बर्फात जीव धोक्यात का घालायचा? शोध थांबवला ते बरोबरच केलं. आणि एकट्याने जायला बंदीच हवी. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला, आपल्याला काय अडचण आहे?

चोर्ला_घाटी
नेपाळचं अर्धंच सांगितलंत. एव्हरेस्टच्या खुंबू भागात तिथल्या पालिकेनेच ती सक्ती मानली नाही.
आणि गटाने गेलं की माणूस वाचतो हे कुणी सांगितलं? जून २०२४, उत्तराखंडातलं सहस्त्रताल. आपल्याच कर्नाटकातल्या ट्रेकरचा गट, बरोबर गाइड. बावीसातले नऊ गेले, तेही जूनमध्ये. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी त्याचा बर्फ नेपाळात थोरांग ला खिंडीत कोसळला. चाळीसच्या वर माणसं गेली. गाइड, भारवाहक, गटाने आलेले, सगळेच होते त्यांत.
बंदीचं म्हणाल तर दूधसागर बघा. रुळावरून जायला मनाई असून गर्दी हटत नाही. २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, पोरांनी त्याचेच व्हिडिओ करून टाकले.

शहापूरकर
सहस्त्रतालचे तेरा वाचले ना? कुणीतरी खाली निरोप पोचवला म्हणून. एकट्याचा निरोप कोण नेणार? माझा मुद्दा तेवढाच आहे.

निपाणीचा_पाव्हणा
आवो काका, वर्गणी न्हाई दिली ते न्हाई दिली, ते हितं जाहीर करायची काय गरज होती? त्या घरातली माणसं वाचत असतील की.

माजी_सुभेदार_खानापूर
मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षं काढली, त्यातली काही बर्फात. दोघांचंही थोडं चुकतंय.
फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनला दहा जवान हिमस्खलनात गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातले लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी सुमारे पंचवीस फूट बर्फाखाली जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात गेले, पण सापडले तेव्हा श्वास होता. मग बारा दिवसांत थांबायचं का? तर ऐका. तिथे चौकी कुठे होती हे ठाऊक होतं, खणायची जागा ठरलेली होती. या पोराच्या बाबतीत धाब्यापासून वाटा किती फुटतात ते बघा. प्रश्न किती दिवसांचा नाही, कुठे शोधायचं याचा आहे. जागाच माहीत नसेल तर हेलिकॉप्टर तरी काय करणार? वरची हवा विरळ, त्यामुळे वजन कमी उचलतं, आणि ढग उतरले की उडतच नाही. वर्गणीचे पैसे तिथे घालू नका, या बाबतीत मी शहापूरकरांच्या बाजूचा.
वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा पाण्याच्या कडेने उतरू लागतो, खाली गाव लागेल म्हणून. आपल्याकडे म्हादईच्या पाण्याने उतरला तर निदान गोव्यात निघेल. तिकडे नाला कड्यावरून कोसळतो आणि माणूस मध्येच अडकतो, ना वर ना खाली. त्यामुळे आधी नाल्यांचे तळ बघायचे.

टिळकवाडीचा_नेटवर्क
'कुठे' हे सांगणारं यंत्र आहे की. सॅटेलाइट मेसेंजर, बटण दाबलं की ठिकाण कळतं. पण आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगलं तर गुन्हा, परदेशी पर्यटक त्यापायी विमानतळावर पकडले गेलेत. सुरक्षेचं कारण मला कळतं, तरी परमिट देताना नाक्यावर ते भाड्याने द्या आणि उतरल्यावर परत घ्या. बंदीपेक्षा हे सोपं नाही का?

शहापूरकर
हे मात्र पटलं. पण परमिट काढायला तो नाक्यावर थांबला तरच ना.

वडगावची_मावशी
मी त्याची मावशी. शहापूरकर काका, तुमचा राग नाही. तुम्ही पहिल्या दिवशी त्याच्या बाबांबरोबर पोलिसात गेला होतात, ते आम्ही विसरलो नाही.
तिकडून फोन आला तेव्हा पहिलं विचारलं, जाकीट कोणत्या रंगाचं? ताई म्हणाली निळं, त्याचे बाबा म्हणाले काळं. दुसरं विचारलं, बुटाचा तळ कसा आहे? कुणालाच सांगता येईना. रोज दारात पडलेले असायचे ते बूट, चिखलाचे म्हणून मीच ओरडायचे. मग भाऊ खडेबाजारात त्या दुकानात गेला. दुकानदाराला पोरगं आठवत होतं, दोनदा बदलायला आला होता म्हणून. त्याने तसलाच बूट काढून उलटा धरला आणि आम्ही फोटो काढला. तोवर सातवा दिवस उजाडला होता, आणि वर पुन्हा बर्फ पडून ठसे बुजले होते.
जाताना बाबांना एवढंच म्हणाला होता, "वर रेंज नसते, काळजी करू नका." म्हणून आम्ही चार दिवस काळजीच केली नाही.

चोर्ला_घाटी
मावशी, मीही घरी एवढंच सांगून जातो. जांबोटीच्या पुढे रेंज नाही, बस्स.

माजी_सुभेदार_खानापूर
ताई, तो फोटो टाकून देऊ नका. उन्हाळ्यात तिकडचे मेंढपाळ कळप घेऊन वर जातात, पथकाच्या आधी तेच सगळीकडे फिरतात. त्यांच्या हातात तळाचा फोटो आणि बुटाचा नंबर, दोन्ही पडलं पाहिजे. तिकडे ओळखीचे दोन माणूस आहेत, मी पोचवतो.

वडगावची_मावशी
नऊ नंबर. खोकं घरातच आहे, त्याचाही फोटो काढून पाठवते.