निवृत्तीचा पैसा: तुमच्या घरात हे नक्की कसं चालतं?

सध्या माझ्या आजूबाजूचे सगळे एकतर रिटायर व्हायला आलेत नाहीतर आईवडलांचं बघतायत, त्यामुळे गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी पोचतात पीएफ, मेडिक्लेम आणि नॉमिनीवरच. एसआयपी कितीची करू याची उत्तरं हवी तेवढी मिळतात हो. पण पैसा हातात आल्यावर घरात तो बघतं कोण, आहे कोणाच्या नावावर, आणि ते माणूस गेलं तर मागच्यांना मिळतो का, यावर कोणी बोलत नाही. म्हणून आपापले अनुभव लिहा. कुठला फंड भारी ते नको. आकडे बिनधास्त लिहा, खाते नंबर मात्र टाकू नका रे बाबांनो.

सुरुवात माझ्यापासून. बाबा खासगी कंपनीत होते, नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं म्हणून पीएफच्या फॉर्मवर नॉमिनी आजी. मग लग्न झालं, आम्ही झालो, आजी गेली, फॉर्म तसाच. बाबा गेल्यावर कळलं की लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झालं की रद्दच होतं, म्हणजे आजी हयात असती तरी त्या नावाला काही अर्थ नव्हता. आणि नॉमिनी नसेल तर पैसे कुटुंबातल्यांना सारखे वाटतात, पण त्यात सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली लग्न झालेली मुलगी धरत नाहीत, म्हणजे भाऊ आणि मी दोघंही बाद, सगळं आईला. आमच्या दृष्टीने उत्तमच झालं, पण हे सिद्ध करायला जी कागदं जमवावी लागली, आजीचा मृत्यूचा दाखला धरून, ती जमवताना आई रडकुंडीला आली होती. एफडी मात्र जॉइंट, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्याने काढायची, तिथे फार प्रश्न आला नाही.

खरी ठिणगी पडली शेअर्सवर. डीमॅटला नॉमिनी भाऊ, त्याचं म्हणणं मग माझेच की. तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय की शेअर्सचा नॉमिनी म्हणून तुम्ही मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो. भावाला ते पटायला वेळ लागला, वहिनीला लगेच पटलं!

*

नमस्कार, मी आयुष्य शॉप फ्लोअरवर काढलं, १९९६ ला लागलो, २०२४ ला ५८ पूर्ण. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबर असते त्या योजनेची, पेन्शन किती बसणार याचा हिशोब कँटीनमध्ये सगळे असाच करतात, १५ हजार गुणिले वर्षं भागिले ७०. माझी २८ वर्षं, वीसच्या वर सर्व्हिस म्हणून २ वर्षं बोनस, झाली ३०, म्हणजे ६,४०० च्या पुढे यायला पाहिजे. आली चार हजाराच्या थोडी वर. कारण हिशोबात धरतात त्या पगाराला १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना मर्यादा ६,५०० ची, १५ हजारची मर्यादा नंतरच्या वर्षांनाच. शेवटचा पगार किती होता याच्याशी काही देणंघेणं नाही. कंपनीच्या १२ टक्क्यातले ८.३३ टक्के या पेन्शनला जातात पण तेही १५ हजारावरच मोजून, म्हणजे महिना १,२५०, त्यातून निघून निघून किती निघणार. ज्यांची अजून दहा वर्षं आहेत त्यांनी हा आकडा आत्ताच काढून ठेवा, बाकीचं सगळं त्यावरच ठरतं.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळाली त्यातले ३० लाख सरकारच्या सीनियर सिटिझन बचत स्कीमला टाकले. साठ पूर्ण नव्हती, पण ५५ च्या पुढचा माणूस रिटायर झाला असेल तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत टाकता येतात, कंपनीचं पत्र लागतं. ८.२ टक्क्याने तिमाहीला ६१,५०० येतात, व्याज उचललं नाही तर त्यावर पुढे व्याज मिळत नाही, म्हणून ते तसंच ठेवू नका. बायकोने त्याचे तीन भाग केले, दर एक तारखेला साडेवीस हजार घरखर्चाच्या खात्यात, म्हणजे पगार झाल्यासारखं वाटतं आणि मी उगाच पासबुक उघडून बसत नाही. तिची अजून एक अट होती, पहिलं वर्ष कोणाला उसने नाही आणि कोणाच्या फ्लॅटला हातभार नाही. मेव्हणा नाराज आहे.

*

आमच्या घरात दोन पेन्शन योजना गुण्यागोविंदाने नांदतात. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत २००३ ला लागले, मी २००७ ला, मधे आली १ नोव्हेंबर २००५, त्या तारखेपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. ते जुन्या पेन्शनवाले, मी आधी डीसीपीएस मग एनपीएस, म्हणजे पगारातून कापून जे साठेल त्यावरची पेन्शन. काम तेच, खडू तोच. मार्च २०२३ च्या संपात मात्र दोघंही होतो, स्वतःची पेन्शन पक्की असून ते माझ्यासाठी घोषणा देत होते हे मला कायम ऐकवतात. आमचं प्लॅनिंग सोपं, त्यांची पेन्शन रोजच्या खर्चाला कारण तिला महागाई भत्ता जोडलेला असतो, माझं जे साठेल ते पंचाहत्तरीच्या पुढचं धरायचं. महागाई ६ टक्के धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, हे मी मुलांना गणितात शिकवते आणि घरी येऊन घाबरते. सरकारने आता सुधारित योजनेचा पर्याय ठेवलाय त्यावर स्टाफरूममध्ये रोज वाद चालू, तो इथे नको.

*

सहकारी बँकेवाल्यांनी हे वाचा. आईबाबांचे सगळे पैसे एकाच बँकेत होते, कारण ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त आणि मॅनेजर ओळखीचा. एक दिवस आरबीआयचे निर्बंध आले, पैसे काढायला बंदी, बाहेर रांग, शटर अर्धं खाली. ठेवींवर विमा असतो ५ लाखांचा, फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाखच होता, आणि २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर असे निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पण हे ५ लाख एफडीमागे नसतात. एका माणसाची त्या बँकेतली सगळी खाती, सगळ्या शाखा, मुद्दल अधिक व्याज, सगळं एकत्र धरून ५ लाख. बाबांना वाटत होतं की पाच पावत्या म्हणजे पाचदा विमा. जॉइंट खातं वेगळं धरतात त्यामुळे आईबाबांचं मिळून बरंचसं सुटलं, वरचं अडकलंय ते अडकलंयच. पतसंस्थेला तर हा विमा लागूच नाही, मग ती कितीही जुनी असो आणि चेअरमन कितीही भला माणूस असो.

*

इथे सगळे पगारवाले दिसतायत. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, ना पीएफ ना ग्रॅच्युइटी, पैसे येतात तेव्हा धो धो येतात नाहीतर दोन दोन महिने बिलं अडकलेली. त्यामुळे दर महिना ठरावीक रक्कम वगैरे आपल्याला जमत नाही, मी वर्षाचं बघतो, मोठं बिल सुटलं की आधी पीपीएफ, सरकारी लांब मुदतीचं बचत खातं. ५ तारखेच्या आत भरायचं बरं का, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिल्लकेवर धरतात, सहाला भरलं तर त्या पैशांवर तो महिना गेला. वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही. दर ७.१ आहे, एप्रिल २०२० पासून तोच. लोक म्हणतात कमी आहे, असेल, पण माझ्यासारख्याला हात लावता येत नाही हेच बरं आहे. धंद्यात घातला असता.

*

मेडिक्लेमचं कोणी लिहिलं नाही अजून. सासऱ्यांना कंपनीचं ग्रुप कव्हर होतं, सगळं त्यातूनच व्हायचं, आणि ते असतं नोकरी असेपर्यंत. निवृत्तीनंतर नवीन पॉलिसी घ्यायला गेलो तर शुगर आणि बीपी आधीपासूनचे म्हणून वेटिंग पिरियड, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं त्या आजारांचा खर्च मिळत नाही. २०२४ पासून हा जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो, आधी चार होता, आणि ६५ च्या वरच्याला पॉलिसीच नाही असं आता विमा कंपनीला सरसकट म्हणता येत नाही. प्रीमियम मात्र काहीच्या काही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला तेवढाच दिलासा. माझा सल्ला, नोकरीत असतानाच, पन्नाशीच्या आत, छोटी का होईना स्वतःची वेगळी पॉलिसी चालू करा, म्हणजे वेटिंग नोकरीतच संपून जातं. आम्ही नवऱ्याचं तसंच केलंय, दोन प्रीमियम कशाला म्हणून घरात थोडी कुरकुर झाली. आणि हो, रिटायर होतानाच ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते आधी विचारा, एचआर आपणहून सांगत नाही.

*

वरती सगळ्यांचा सूर एकच, घरच्यांना सगळं सांगून ठेवा. माझं मत वेगळं आहे. माझं वय ७१, सौ. आणि मी दोघंच असतो, मुलं दोन्ही बाहेर. आकडा कळला की मुलांच्या योजना सुरू होतात, हे मी माझ्या दोन मित्रांच्या घरी बघितलंय, एकाचं तर राहतं घर विकून मुलाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये पैसे गेले आणि आता त्या फ्लॅटमध्ये त्याची खोली कोणती यावर चर्चा होते. म्हणून मी मुलांना *कुठे* आहे ते सांगितलंय, *किती* ते नाही. वहीत बँकेचं नाव, शाखा, पॉलिसी नंबर, लॉकरची किल्ली कुठे, सीएचा फोन. रकमा नाहीत. सौ.ला सगळं माहीत आहे, तिची सही सगळीकडे चालते आणि महिन्यातून एकदा बँकेचं काम तीच करते, मी बाहेर बाकड्यावर बसतो. पूर्वी ती चेक लिहायला घाबरायची.

मृत्युपत्रही केलंय. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण मी केलं. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण बघा हो, माझा आधीचा साक्षीदार मलाच पोचवायला लागला, म्हणून पुन्हा नवीन केलं.

*

काका, साक्षीदाराचं एक नंबर! मला आत्याबद्दल लिहायचंय. लग्न केलं नाही, सरकारी नोकरीतून रिटायर, पेन्शन चांगली आहे. तिच्यामागे पेन्शन कोणाला नाही, त्यामुळे तिचं म्हणणं साठवू कोणासाठी. ती खर्च करते, फिरते, भाच्यांना देते, आणि घरचे लोक तिला 'जरा जपून' म्हणत असतात ज्यांनी स्वतः एक रुपया तिच्यासाठी बाजूला ठेवलेला नाही. तिने हिशोब वेगळा लावलाय, पेन्शन खर्चाला, आणि एफडी एकाच कामाची: अंथरुणाला खिळली तर दिवसरात्रीच्या बाईचा पगार. बाईचे दर विचारून तिने तीन वर्षांचे पैसे धरलेत. एफडीवर मी नॉमिनी आहे आणि तिने मला तोंडावर सांगितलंय की नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारी, मालक कोण ते मृत्युपत्रात लिहिलंय आणि ते तुला दाखवणार नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता घरून फोनवर चेहरा दाखवून होतो, ते काम माझ्याकडे. अ‍ॅप म्हणतं डोळे मिचकवा आणि ती मुद्दाम टक लावून बघत बसते, मी जिवंत आहे हे या डबड्याला दिसत नाही का म्हणून. कोणाकडे यावर उपाय असेल तर सांगा, ऐंशी पूर्ण झाल्यावर ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे एक महिना जास्त मिळेल भांडायला.