हरिपूरच्या पेवात हळदीला कीड का लागत नव्हती?

वखारभागातला: आमचे आजोबा सांगलीजवळच्या हरिपूरला पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, भरायला आणि काढायला जायचे. हळद वर्षानुवर्षं आत राहिली तरी भुंगा दिसायचा नाही म्हणायचे. पण पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू देत नव्हते. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. आणि इथं आमच्या घरी डब्यातल्या हळकुंडांचं पीठ झालंय. जमिनीत नेमकं होतं काय? ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हे उत्तर नको, ते ऐकून झालंय.

मिरजवाली: हळद मुळातच जंतुनाशक. जखमेवर उगाच लावतात होय?

किडे_मास्तर: ताई, मग यांच्या डब्यातलं पीठ कुणी केलं? लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने नावाचा तपकिरी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा आहे. तंबाखू खातो, धने खातो, हळदही खातो. जन्मभर कीटकशास्त्र शिकवलं, पण या प्राण्याच्या जिभेचं कोडं मला सुटलेलं नाही.

आता पेव. वीसेक फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, आतून पाला-चटया, वरून माती लिंपून बंद. आत जी हवा अडकते तिच्यात 21 टक्के प्राणवायू असतो. हळदीबरोबर आत गेलेले भुंगे, अळ्या, बुरशी, पाल्यावरचे आणि मातीतले जिवाणू तो वापरत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. प्राणवायू तीनेक टक्क्यांच्या खाली जाऊन तसाच राहिला की किडे मरतात. शिवाय किड्याच्या अंगावर श्वासाची बारीक भोकं असतात, एरवी तो ती मिटून अंगातलं पाणी राखतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की ती उघडीच राहतात आणि किडा आतून वाळतो.

ज्वारीच्या पेवात दाणा जिवंत असतो, त्यामुळे तोही श्वास घेतो. हळद मात्र शिजवून वाळवलेली, म्हणजे मेलेली. इथं हवा संपवायचं काम किडे, बुरशी आणि जिवाणूच करतात. त्यात भुंगे स्वतःच्याच श्वासानं मरतात, हे मला फार आवडतं.

एवढ्या खोलीवर उन्हाळा-हिवाळा जवळजवळ पोचत नाही, तापमान वर्षभर सारखं. म्हणून हळकुंडावर दव धरत नाही. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम इतका जवळ असूनही माती कोरडी राहायची, ते त्या जागेचं भाग्य. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली.

वखारभागातला: सर, म्हणजे कंदील जळत राहिला की उतरायला हरकत नाही?

किडे_मास्तर: अजिबात उतरायचं नाही! प्राणवायू साधारण 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. श्वासानं प्राणवायू गेला असेल तर कंदील बऱ्यापैकी खरं सांगतो. पण आत ओल शिरून माल आंबला असेल, तर प्राणवायू फारसा न वापरताही कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याच्या आठ-दहा टक्क्यांत माणूस कोसळतो आणि ज्योत कदाचित अजून जळत असते. विहीर असो, ड्रेनेज असो, तोंडाशी पंखा लावून हवा खेळवा आणि वायुमापक यंत्र सोडा. आणि आतला माणूस पडला तर त्याला काढायला दुसऱ्यानं तसंच उडी मारायची नाही. आपल्याकडे एकामागोमाग एक माणसं जातात ती याच घाईनं.

मिरजवाली: पटलं सर. मग घरच्या हळकुंडांचं काय करायचं?

किडे_मास्तर: कडक उन्हात वाळवा, गार होऊ द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. अर्धा डबा रिकामा म्हणजे भुंग्याला तेवढी हवा फुकट. आणि रोज झाकण उघडून बघू नका. फ्रीझर मोठा असेल तर पिशवीत घालून आठवडाभर ठेवा, अंडी-अळ्या मरतात. पीठ झालेली मात्र टाकून द्या, आमटीत खपवू नका.