प्रतिसाद : थ्रॉटल बॉडीची झीज आणि पंपाची सेटिंग

१९७२ च्या पोर्शे ९११ एसचे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) डळमळत असल्यास इंधन पंपाच्या सेटिंगवरून मिश्रण थोडे रिच करावे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवावे, असे वरच्या पोस्टमध्ये सुचवले आहे; मला ते पटत नाही. या गाडीतला बॉशचा यांत्रिक इंधन पंप आत येणारी हवा मोजत नाही, तर थ्रॉटलची (हवेचा मार्ग कमी-जास्त उघडणाऱ्या झडपेची) स्थिती आणि इंजिनाचा वेग यांवरून पेट्रोल ठरवतो. त्यामुळे थ्रॉटल ज्यावर फिरतो त्या घासलेल्या शाफ्टभोवतून शिरणाऱ्या हवेचा त्याला पत्ताच लागत नाही. ही गळती प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळी असते, पंपावरची दुरुस्ती मात्र सहाही सिलिंडरांना सारखीच लागू होते.

शाफ्टच्या टोकांना थोडे तेल लावल्यावर इंजिन क्षणभर स्थिर झाले, तर दोष तिथेच आहे असे समजावे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर ब्राँझ बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून देणारे कारागीर मिळतात. मात्र दोन्ही टोकांचे बुश बसवल्यानंतर एकाच रेषेत रीम करण्याचा (भोके अचूक मापाला तासण्याचा) आग्रह धरावा, अन्यथा नवा शाफ्टही अडकतो. बटरफ्लायच्या (शाफ्टवर बसवलेल्या थ्रॉटलच्या चकतीच्या) स्क्रूंची टोके मागून ठोकून पसरवलेली असतात. ती आधी घासून काढावीत, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच तुटतो (आणि मग खरी कटकट सुरू होते). बटरफ्लायच्या कडा तिरप्या असल्याने तिची दिशा खुणेने नोंदवावी आणि जोडणीनंतर सहाही थ्रॉटलमधील हवेचा प्रवाह सिंक्रोमीटरने (प्रवाह मोजण्याच्या साधनाने) जुळवून मगच पंपाला हात लावावा.